आज आम्ही घारापुरी सोडली

मित्रमैत्रिणींनो, नवीन पनवेलच्या घरात न उघडलेल्या खोक्यांमध्ये बसून लिहितेय. कुणाशी तरी बोलायलाच हवंय.

नवऱ्याची बदली झाली आणि घारापुरी बेटावरचा आमचा संसार आज आवरला. आमची ओवी तिथेच चालायला शिकली. मी शाळेत शिकवायला गेले की शेजारच्या यमुनामावशी तिला भरवायच्या, निजवायच्या. त्यांना मूलबाळ नाही.

शेवटचे काही दिवस तर नुसती मजा केली. ओहोटीला खेकडे शोधले, संध्याकाळी धक्क्यावर बसून चहा प्यायलो, मावशींच्या हातची सुकट-भाकरी खाल्ली.

आज सकाळी मोरा बंदराला जाणाऱ्या होडीत सामान चढवलं, तर मावशीही येऊन बसल्या. "माजं मोऱ्याला काम हाय," म्हणाल्या. वाटभर ओवी त्यांच्या मांडीवर होती. तिला वाटलं, मावशीपण आपल्याबरोबर राहायला येतेय.

मोऱ्याला उतरल्यावर मावशींनी ओवीला माझ्या कडेवर दिलं आणि परत त्याच होडीत जाऊन बसल्या.

"अहो मावशी, काम होतं ना तुमचं?"

"झाला ना गो. पोरीला पोचवायची व्हती."

होडी सुटली तशी ओवी जिवाच्या आकांतानं ओरडली, "मावशी, तू उतरायला विसरलीस!"

मावशींनी पदर तोंडाशी धरला.

दुपारपासून ओवी दाराजवळ बसलीय. आत्ताच विचारत होती, "आई, मावशी पुढच्या होडीनं येईल ना?"

तुम्ही असतात तर काय सांगितलं असतं हो तिला?