सुनेच्या नेटला लावलेला लगाम

टेलिफोन खात्यात तारा जोडण्यात उभी हयात गेली, म्हणून निवृत्तीनंतर घरचेच त्यांना ‘वायरमनसाहेब’ म्हणून चिडवायचे. त्यांनाही ते मनातून आवडायचं. घरात इंटरनेटचं कनेक्शन एक आणि कॉम्प्युटर तीन: मुलाचा, सुनेचा आणि त्यांचा. राउटर कुठे ठेवायचा, कुणाला किती वेग द्यायचा, सगळा कारभार त्यांच्या हाती.

सून बहिऱ्या मुलांना घरूनच, व्हिडिओवर, हातांच्या खुणांची भाषा शिकवायची. एकदा वायरमनसाहेबांचा ऑनलाइन बुद्धिबळाचा डाव ऐन रंगात आला आणि नेट अडकलं. डाव हातचा गेला. “दिवसभर हिचा व्हिडिओ चालू, दुसरं काय होणार!” असं पुटपुटत त्यांनी राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तिच्या कॉम्प्युटरचा वेग आवळला. कुणाला पत्ताही लागू दिला नाही.

शिकवताना सुनेचे हात पडद्यावर मध्येच थिजू लागले. आवाज तुटला तर माणूस अंदाजाने समजून घेतो. अर्ध्यावर थांबलेल्या खुणेतून मुलांना काय कळणार? एका मुलीच्या आईने शिकवणी बंदच केली.

“बाबा, माझा कॉम्प्युटर बघता का जरा? तोच बिघडलाय बहुतेक.”

त्यांनी बघितल्यासारखं केलं. “जुना झालाय गं,” म्हणाले.

पण त्यांचा डाव अडकायचा तो अडकतच राहिला. वैतागून त्यांनी नेट कोण खातंय ते तपासलं आणि गारच पडले. त्यांचाच कॉम्प्युटर जुन्या सहलींचे व्हिडिओ सतत ऑनलाइन चढवत बसला होता. ती सोय त्यांनीच सुरू केली होती आणि साफ विसरले होते.

त्यांनी ते व्हिडिओ चढवणं बंद केलं, सुनेचा आवळलेला वेग मोकळा केला आणि तिच्या दारात जाऊन उभे राहिले. “तुझा कॉम्प्युटर धडधाकट आहे. त्याचा वेग मीच कमी केला होता. आणि नेट खात होतो तोही मीच.”

“मला विचारायचं तरी, बाबा,” एवढंच ती म्हणाली.

जेवताना मुलगा म्हणाला, “नेट सुधारलं वाटतं?”

“बाबांनी शोधून काढलं,” सून म्हणाली.

“वा, वायरमनसाहेब!”

“मीच बिघडवलं होतं,” कसंबसं बोलून ते ताटावरून उठले.

सकाळी त्यांनी त्या मुलीच्या आईला स्वतः फोन लावला. चूक बाईंची नाही, माझी, असं सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मुलगी मात्र तोवर दुसऱ्या बाईंकडे रुळली होती. फोन ठेवल्यावर सुनेला हे कसं सांगावं, ते त्यांना कळेना.