जब्बारचा कॉम्प्युटरचा डिप्लोमा

मी सातवी नापास. कतारात, दोह्यातल्या एका कम्युनिटी कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचं स्टोअर सांभाळतो. पोरांना स्क्रूड्रायव्हर देतो, परत नाही आला की शिव्या देतो. एवढ्या वर्षांत स्टोअरात भंगारापेक्षा किस्सेच जास्त साठलेत. त्यातले निम्मे एकट्या जब्बारचे!

जब्बार रत्नागिरीचा, वय चाळीस. दिवसा मेसईदच्या प्लांटमध्ये केबल ओढायचा, संध्याकाळी आमच्याकडे शिकायचा.

"चाचा, डिप्लोमा झाला की कंपनी टेक्निशियन करणार. मग फॅमिली व्हिसा. पोरगी सहा वर्षांची झाली, मला फोनमधला माणूस समजते."

म्हणजे पास व्हायचंच होतं. पण डोकं सगळं प्लांटवर!

*

पहिलं प्रॅक्टिकल. शिकवणाऱ्या जोशी मॅडम म्हणाल्या होत्या, सेफ्टीची तयारी करून या. हा हेल्मेट, हातमोजे आणि कमरेला पट्टा बांधून हजर!

"जब्बार, रॅम बसवायचीय. टॉवरवर नाही चढायचं."

"पण मॅडम, पडली तर?"

"कोण?"

"रॅम!"

बघतो तर पठ्ठ्यानं रॅम दोरीनं पट्ट्याला बांधलेली.

*

दोन मशीनं जोडायची होती. शेजारशेजारची! यानं माझ्याकडून शंभर मीटरचं बंडल नेलं ते सगळं संपवलं.

"एवढी केबल कशाला रे?"

"चाचा, उद्या कुणी टेबल हलवलं तर?"

"कुठं, पार शहराबाहेर उम्म सलालला?"

*

ओव्हरटाइम असला की तो कंपनीच्या बसमधून ऑनलाइन क्लास करायचा, स्पीकर लावून. एकदा मॅडमनी जब्बारला प्रश्न विचारला. मागून कुणीतरी फाडफाड उत्तर दिलं. बरोबर!

"कोण बोललं?"

"आमचा ड्रायव्हर, मॅडम. त्याची पण अटेंडन्स लावा."

*

सर्व्हर रूम कॉलेजातली सगळ्यात थंड जागा. मी तिथं रॅकमागे ताकाची बाटली ठेवायचो. ठेवायचो तर ठेवायचो! एकदा मॅडमनी पोरांसमोर रॅक उघडला.

"हे काय आहे?"

मी घाम पुसतोय. जब्बार पुढं सरसावला. "मॅडम, कूलंट."

मॅडम हसल्या. पोरांनी मात्र मुकाट्यानं वहीत उतरवलं. परीक्षेत चौघांनी लिहिलं!

*

शेवटचं प्रॅक्टिकल. बंद पडलेलं मशीन दुरुस्त करायचं. बाहेरून परीक्षक आलेला, टायवाला. जब्बारनं आधी काय केलं? लॅबचा मेन स्विच पाडला आणि त्याला खिशातलं कुलूप ठोकलं! दिवे गेले, एसी गेला, सगळ्यांची मशीनं गेली. जून महिना!

"उघड ते!" परीक्षक ओरडला.

"काम चालू आहे, सर. तोवर करंट बंद, कुलूप आपलं. प्लांटचा नियम आहे."

वीस मिनिटं तो मोबाइलच्या उजेडात स्क्रू फिरवत बसला. परीक्षकाचा टाय सुटला, मग वरचं बटण. शेवटी जब्बार उठला आणि खिशातून छापील फॉर्म काढला.

"झालं, सर. साहेबाची सही झाली की कुलूप निघतं."

परीक्षकानं न वाचता सही ठोकली. जब्बारनं फॉर्म घडी करून खिशात ठेवला, कुलूप काढलं. दिवे आले, एसी आला, सगळ्यांची मशीनं सुरू झाली. याचं सोडून!

परीक्षकानं लाल पेन उघडलं. जब्बारनं फॉर्म पुढं धरला.

"सर, 'काम समाधानकारक पूर्ण' याच्या खालची सही तुमचीच ना?"

परीक्षकानं वाचलं. चष्मा पुसला. परत वाचलं.

आता जब्बारची बायको-पोरगी इथंच, दोह्यातल्या अल मन्सूरात असतात. ते मशीन माझ्या स्टोअरात आहे. अजून बंद.