वानखेडेसाहेबांच्या खांद्याची फाईल

लेझीम पथकात किस्से कसे जमतात, विचारू नका! दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या आमच्या पथकात बहुतेक सगळे पन्नाशी गाठलेले सरकारी नोकर. प्रॅक्टिस अर्धा तास, आणि मग कोणाचं काय दुखतंय याची चर्चा चांगली तासभर! यंदाचे किस्से मात्र सगळे एकाच खांद्याचे आहेत.

खांदा वानखेडेसाहेबांचा. मूळचे नागपूरचे, इथे अंडर सेक्रेटरी, आणि गेली बावीस वर्षं भीमजयंतीच्या मिरवणुकीत आमच्या पथकाच्या सगळ्यात पुढे उभे राहणारे. एप्रिलअखेर रिटायरमेंट, मग क्वार्टर सोडून थेट नागपूर. म्हणजे दिल्लीतली ही शेवटची जयंती. आणि नेमकं फेब्रुवारीत सामान आवरताना माळ्यावरची ट्रंक एका हाताने ओढायला गेले अन् उजवा खांदा धरला. हात वरच जाईना.

"लेझीम डोक्यावर गेली नाही तर मी पुढे उभा राहणार नाही," त्यांनी सांगून टाकलं. आम्हा सगळ्यांचे चेहरे पडले.

*

मी आणि वानखेडेवहिनी त्यांना करोल बागेतल्या हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी खांदा दाबून, फिरवून बघितला आणि शांतपणे म्हणाले, "टेंडन में सूजन है। कॉर्टिझोन का इंजेक्शन दे दूँ तो कुछ दिन में आराम। लेकिन दर्द जाना और ठीक होना, दो अलग बातें हैं जी। एक्सरसाइज में छह हफ्ते लगेंगे, पर ज्यादा टिकेगा। बोलिए, क्या करना है?"

छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला असं तोंडी विचारतात का कधी?

साहेब म्हणाले, "आप लिखकर दे दीजिए। मैं पुट अप करवाता हूँ।"

*

आणि फाईल खरंच निघाली हो! आमचा ढोलवाला देशपांडे दुसऱ्या मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. त्याने रीतसर नोटिंग केलं. पर्याय अ: इंजेक्शन. पर्याय ब: व्यायाम. पर्याय क: सद्यःस्थिती कायम ठेवावी. आता सांगा, मोडका खांदा कायम ठेवण्याचा पर्याय सरकारी माणसाशिवाय कोणाला सुचेल?

फाईल पथकात फिरली. देशपांडेने स्वतःचा अनुभव जोडला. त्याने मागे गुडघ्यात इंजेक्शन घेतलं होतं. डॉक्टरांनी दोन दिवस आराम सांगितला होता, पण संध्याकाळी इतकं झकास वाटलं की पठ्ठ्या लिफ्ट सोडून जिन्याने पाच मजले चढला! खाली आणायला चौघं लागले. मी लिहिलं, "माझ्या अंगठ्याला एकच सुई. तीन वर्षं झाली, पुन्हा दुखलेला नाही." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, काय करणार?

साहेबांनी खाली शेरा मारला: "मते परस्परविरोधी. कृपया चर्चा करावी."

*

चर्चेला फाईल वहिनींकडे गेली. घरातलं अर्थखातं, आरोग्यखातं, सगळं त्यांच्याकडे. साहेबांना शुगर आहे, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की इंजेक्शननंतर काही दिवस शुगर वाढू शकते, लक्ष ठेवावं लागेल.

साहेब लगेच म्हणाले, "लक्ष ठेवू की! त्यात काय एवढं?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. "रेखा, तुला सांगते, हे रोज ऑफिसखाली जिलेबी हाणतील आणि शुगर वाढली की खापर इंजेक्शनवर फोडतील. मला विचारशील तर नामंजूर!"

साहेब घाईघाईने चष्मा पुसायला लागले. त्यावरून जिलेबीचा बेत आधीच ठरला होता हे आम्ही ओळखलं.

*

या सगळ्या भानगडीत दोन आठवडे उडाले. नशीब, "अंतरिम व्यवस्था" म्हणून पहिल्याच दिवशी व्यायाम सुरू केला होता. नोएडाहून रितू नावाची फिजिओथेरपिस्ट यायची. भिंतीसमोर उभं राहून बोटं चालवत हात वर न्यायचा आणि जिथे पोचला तिथे पेन्सिलीने रेघ मारायची. साहेबांनी प्रत्येक रेघेवर तारीख घातली, खाली सहीसुद्धा केली!

रितूने प्रॅक्टिस बंद करू दिली नाही. "दुखेगा तो वहीं रोक देना सर, जबरदस्ती नहीं," एवढंच तिचं म्हणणं. मग साहेब रोज संध्याकाळी पार्कात पुढे उभे राहत, लेझीम कानापर्यंत नेत आणि तिथेच थांबत. यंदा कॉलनीतली सात-आठ मुलं नवी आली होती, देशपांडेची आठ वर्षांची नात पीहूसुद्धा. शिकवणारे साहेबच, म्हणून मुलांना त्यांच्या अगदी पाठीमागे उभं केलं. आम्ही मोठे शेवटच्या रांगेत, आमचं सगळं लक्ष आपापल्या गुडघ्यांवर.

*

एप्रिल लागला आणि क्वार्टर सोडण्याआधीची तपासणी करायला ज्युनियर इंजिनियर आला. नळ बघितले, खिडक्या बघितल्या, आणि हॉलमधल्या भिंतीपाशी येऊन थबकला. खालून वर रेघाच रेघा!

"बच्चे की हाइट नापी है?" त्याने विचारलं.

"नहीं, मेरा है सब," साहेब म्हणाले.

त्याने तारखा वाचल्या. मग साहेबांच्या टकलाकडे बघत म्हणाला, "सर, महीने भर में इतना?"

*

आम्ही हसतोय खरं, पण जयंतीला दहा दिवस राहिले आणि रेघा वर सरकायच्या थांबल्या. तीन दिवस एकाच जागी! त्या संध्याकाळी प्रॅक्टिसनंतर साहेब माझ्याशेजारी बाकावर बसले. "मेश्राम, बावीस वर्षं इथे मला लोक डोक्यावर जाणाऱ्या लेझीमने ओळखतात, खुर्चीने नाही. शेवटच्या वर्षी मी फूटपाथवर उभं राहून टाळ्या वाजवायच्या का?" मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते कोणालाही न सांगता मेट्रोने करोल बागेत गेले. डॉक्टरांना म्हणाले, "लगा दीजिए। फाईल गई भाड़ में!"

डॉक्टरांनी आधी हात वर करायला लावला. मग म्हणाले, "पहले दिन से तो दुगुना जा रहा है! अभी सुई लगाऊँगा तो आपको दर्द पता नहीं चलेगा और आप जुलूस में जोश में आकर झटका मार देंगे। फिर तो गया टेंडन। रुक सकते हैं तो रुकिए। नहीं रुकना है तो लगा देता हूँ, पर फिर उस दिन नाचना नहीं।"

साहेब दहा मिनिटं तिथल्या बाकड्यावर बसून राहिले आणि तसेच परत आले. रितूने व्यायाम थोडे बदलून दिले. रोजच्या प्रॅक्टिसला कानाच्या वर जायचं नाही, जी काही ताकद आहे ती राखून ठेवायची, असंही तिने सांगितलं. जयंतीच्या आदल्या दिवशी भिंतीवर शेवटची रेघ किती वर गेली ते वहिनींनी मला सांगितलं नाही. नुसत्याच डोळे पुसत होत्या.

*

जयंतीच्या दिवशी पांढरा झब्बा, निळा फेटा, साहेब सगळ्यात पुढे. मागे ती सात-आठ मुलं, त्यांच्या मागे आम्ही. देशपांडेने ढोलावर ठेका धरला. एक, दोन, तीन, आणि चौथ्याला साहेबांचे दोन्ही हात सरळ डोक्यावर! फुटपाथवर वहिनी ओरडल्या, "गेला! वर गेला गं हात!"

तेवढ्यात पीहूचा आवाज आला, चांगला खणखणीत, "अंकल! इतना ऊपर नहीं! सब गड़बड़ हो रहा है!"

मी बघितलं तर सगळ्या मुलांच्या लेझिमी एका ओळीत, बरोब्बर कानापाशी.

साहेबांनी मागे वळून बघितलं आणि पुढच्या चौथ्याला हात कानापाशी थांबवले.