आठव्या नंबरचं कॉलेज

सकाळी मोबाइलवर सुधामामाचं नाव दिसलं आणि फोन कानाला लावायच्या आधीच मी चहाचं आधण ठेवलं. रोह्याहून गाडीने पेणला येताना मामाने वाटेतल्या कासू स्टेशनवरून फोन करायचा आणि “कासू सोडलं, चहा टाक” एवढंच म्हणायचं, हा त्याचा शिरस्ता. आदल्या दिवशी कळवणं त्याला जन्मात जमलं नाही. या वेळी फोनवर मामी होती. रोह्याजवळ अष्टमी गावातल्या घरी अंघोळीचं पाणी काढून ठेवलेलं, आणि मामा खुर्चीतच गेला होता... इकडे आधण उकळून उकळून आटलं.

तीन आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, देवमाणूस होता. असेल. मला विचाराल तर माणसाचा अंत पाहणारा माणूस होता. धाटावच्या केमिकल कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्याने पेण-रोह्यातल्या मुलांचे कॉलेजचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचा उद्योग मागे लावून घेतला. त्यासाठी आधी प्रत्येक कॉलेज स्वतः जाऊन बघणार, वॉचमनशी गप्पा मारणार, तिथल्या नळाचं पाणी पिऊन बघणार, आणि मग यादी करणार. तीही पेन्सिलीने, कारण क्रम दहा वेळा बदलतो म्हणे. माझ्या रुजुताची दहावी झाली तेव्हा डिप्लोमासाठी आठ कॉलेजांचा क्रम लावायला तो पाच वेळा आला. घरात कुकर लावायची चोरी, शिट्टी झाली की त्याचं चित्त विचलित व्हायचं.

“वर मनातलं, मधे जमण्यासारखं, खाली खात्रीचं,” तो सांगायचा. “खालचं कुठं पळून नाय जात गो. पण पहिल्या नंबरचं लागलं की तेच घ्यायला लागतं. मग मागं फिरणं नाय.” पहिल्या नंबरवर पुण्याचं कॉलेज होतं, संगणक शाखा, रुजुताने सातवीपासून धरलेला हट्ट. आठव्यावर घराजवळचं, केमिकल.

आणि मी काय केलं? शेवटच्या दिवशी रुजुता मैत्रिणीकडे गेलेली, मामा जेवून आडवा झालेला. मी आठवं उचलून पहिलं केलं आणि फॉर्म पाठवून दिला. मला वाटलं, खात्रीची जागा हातची जायला नको, पंगतीत आधी हात पुढे करील त्याला आधी वाढतात... खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. पोरीने घरी राहावं, पुढे धाटावला नोकरी करावी, असं मला मनातून वाटत होतं. पहिल्याच फेरीत केमिकल लागलं. पुण्याची यादी लागली तेव्हा कळलं, तिचे मार्क तिथे आरामात पुरत होते.

रुजुता रडून लाल झाली. मी तोंड उघडणार तोच मामा म्हणाला, “माझ्याच हातनं उलटं झालं, बाय.” आणि मी गप्प राहिले. नंतर त्याच्यावर चिडले, हा आगाऊपणा तुला कोणी सांगितला होता? तर म्हणतो, “माझ्याशी नाय बोलली तर चालंल. तुला तिच्यासोबत राहायचं हाय.”

तीन वर्षं रुजुता त्याच्यापुढे चहाचा कप ठेवून आत निघून जायची. तरी हा कासूवरून फोन करून येतच राहिला. दर वेळी मी ठरवायचे, आज तिला सांगते. माझी चूक त्याने स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि परत द्यायला थांबलासुद्धा नाही. याचा मला अजून संताप येतो, आणि त्याहून जास्त माझा येतो.

परवा रुजुताचा डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाचा फॉर्म सुरू झाला. मी कपाटातून मामाची जुनी यादी काढून तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. पहिल्या ओळीत पुण्याचं कॉलेज, पुढे मामाच्या बारीक अक्षरात लिहिलेलं : ‘मुलींचं वसतिगृह. आत सोडलं नाही. बाहेरून बघितलं. खिडक्या मोठ्या.’ तिने ते दोनदा वाचलं, कागद घेतला आणि खोलीचं दार लावलं.

काल ती यादी घेऊन एकटीच अष्टमीला मामीकडे गेली. संध्याकाळी तिचा फोन आला.

“कासू सोडलं,” एवढंच म्हणाली. चहा टाक म्हणाली नाही. मी टाकला.