म्होरल्या दारानं

"पाहुणे आलेत. तोंडं भिंतीकडं करा."

बंगल्याची मोठी बाई असं म्हणाली की आये खुरपं टाकून उठायची. शेणखताच्या खड्ड्यामागं आम्ही दोघी भिंतीला तोंड लावून उभ्या. पाठीमागनं माणसं हसत, बोलत बाग बघत जायची. आम्ही दिसायचं नाही. मी तेव्हा शाळेतही जात नव्हते.

अलिबागजवळची ती बाग. आयेचा जन्म तिथं निंदण्यात गेला. मी शिकले, नर्स झाले.

यंदा मालकांनी ती बाग लोकांना दाखवायला काढली. ऐतिहासिक बाग म्हणे. तिकीट, आणि सोबत माहिती सांगणारा माणूस. दवाखान्यातल्या मैत्रिणी निघाल्या. "तू पण चल," म्हणाल्या. जाऊ की नको, मला झोप लागेना. शेवटी जायचं नाही असं ठरवलं आणि आयेला सांगितलं.

आये म्हणाली, "मला ने. येकदा म्होरल्या दारानं जाऊ दे."

म्हणून मैत्रिणींबरोबर आम्ही दोघीही गेलो. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. फाटकाशी आलो तर पाय मागच्या दाराकडं वळले तिचे. मी हात धरून आत नेलं.

मालकांच्या आजोबांनी ही बाग फुलवली, असं तो माहितीवाला सांगत होता. आये मान डोलवत होती. तेवढ्यात बंगल्याची सून आली. तिनं ओळखलं.

"अगं तू! ही आमची जुनी बाई बरं का." मग आयेला म्हणाली, "बस ना जरा खाली. पूर्वी निंदायचीस तसं करून दाखव. फोटो काढू देत यांना."

आये बसली. मातीत. ठेवणीतल्या लुगड्यात. हात आपोआप गवतात गेले. मोबाईल वर झाले. माझ्या मैत्रिणींचेसुद्धा.

"आये, ऊठ."

"ऱ्हाऊ दे गं. एवढं म्हणतात तर."

"ऊठ!"

उठली नाही. मी काखेत हात घालून तिला उचललं. सुनेला म्हणाले, "ती तिकीट काढून आलीय. तुमची बाई न्हाय ती."

घोळका पुढच्या झाडाकडं गेला.

घरी आल्यावर आये एवढंच म्हणाली, "चार लोकांत माझी लाज काढलीस." तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. बोलेल असं वाटत नाही. बागेत गर्दी वाढलीय म्हणतात.

माझ्या मुलीला मात्र मी सगळं सांगितलं. त्यांच्यापुढं आपण खाली बसायचं नाही. गोड बोलून सांगितलं, तरी नाही.