शेंगाळ्याचा काटा

जखमेला अब्रूदार कारण देण्यात माझ्या आतोबांचा हात धरणारा माणूस मालवणपासून बांद्यापर्यंत जन्माला आला नसेल. ते मसुऱ्याकडच्या एका शाळेचे हेडमास्तर. मी त्यांच्याच हाताखाली नवा मास्तर, आणि राहायलाही त्यांच्याच घरी. काळा कोट, टोपी, बगलेत छत्री अशी स्वारी निघाली की वाटेतली माणसं बाजूला होत. पण देवाने या रुबाबाला हातपाय मात्र भलतेच वेंधळे दिले होते. एकदा जेवायला आले आणि खाली न बघता बसले ते थेट नारळ खवायच्या आडाळीवर. आत्या धावली, तर म्हणाले, "विंचू चावलो!" हेडमास्तर आडाळीवर बसला हे गावाला कळण्यापेक्षा त्यांनी विंचू पत्करला. मग मांत्रिक आला, दोन तास विष उतरवत राहिला, आणि आतोबा पालथे पडून "उतारला, उतारला" म्हणत राहिले. पुढचे पंधरा दिवस त्यांनी वर्गात उभ्यानेच शिकवलं.

पुढे धोतर सायकलच्या साखळीत अडकून ते शाळेसमोरच्या गटारात पडले. हात मोडला. कारण काय, तर वाडीतल्या एकाचा बैल आडवा आला. तो बैल आदल्या वर्षीच कुडाळच्या बाजारात विकला गेला होता! तरीही बैलवाला केळ्यांचा घड घेऊन घरी आला आणि हात जोडून म्हणाला, "चुकला, मास्तरानू. पुढच्या खेपेक बांधून ठेवतंय." मला हसू आवरेना. सगळं गावच त्यांच्या थापा जिवापाड सांभाळत होतं, आणि त्यात मीही आलोच.

साठ सालच्या आसपासचा फाल्गुन असेल. आत्याचं डोकं त्या महिन्यात दरवर्षी दुखायचं, आणि आतोबा त्यालाही कारण देत: ऊन. एका पहाटे ते लंगडत परसात आले. हातातल्या रुमालात सुरंगीच्या कळ्या होत्या. दरवर्षी फाल्गुनात ते शेजाऱ्याच्या सुरंगीवर चढून बायकोसाठी गुपचूप कळ्या आणत, हे मला त्या दिवशी कळलं. उतरताना कुंपणाच्या फळीतला गंजका खिळा तळपायात घुसला होता. पंचावन्न वर्षांचा हेडमास्तर बायकोच्या गजऱ्यासाठी झाडावर! "कोणाक सांगू नको हां, झिला," ते म्हणाले. "माका तोंड दाखवूक जागा रवची नाय."

मी त्यांना मालवणला डॉक्टरांकडे नेलं. "शेंगाळ्याचा काटा लागला," आतोबांनी शुद्ध मराठीत सांगितलं.

"लोखंड नाही ना? असेल तर इंजेक्शन द्यायला हवं."

आतोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मासळीचाच काटा. मी होतो ना बरोबर."

आठव्या दिवशी त्यांची दातखीळ बसली. धनुर्वात! मी धावत जाऊन डॉक्टरांना खरं सांगितलं, पण उशीर झाला होता. प्रत्येक जखमेला कारण देणाऱ्या त्या माणसाला शेवटी एक शब्द बोलता आला नाही. ते नुसते माझ्याकडे बघत होते. ती नजर मला सोसत नाही, अजूनही नाही.

तेराव्यानंतर आत्याला त्यांच्या कोटाच्या खिशात एक वाळलेली कळी सापडली. "खरा काय ता सांग माका," ती म्हणाली. मी रडत रडत सगळं सांगितलं. मला वाटलं, ती मला घराबाहेर काढील.

तिने ती कळी तळहातावर घेतली. मग म्हणाली, "अरे, सुरंगीच्या वासान माझा डोक्या दुखता. लग्नाच्या वर्षी हौसेन घेऊन इले, तेव्हा नको कसा म्हणतलंय? मगे रवलाच सांगूचा."

आता दर फाल्गुनात ती मला सुरंगी आणायला लावते. स्वतः वळेसर ओवून आतोबांच्या फोटोला घालते, डोक्याला फडकं घट्ट बांधते, आणि दिवसभर त्या फोटोसमोरून उठत नाही.