दूध न घातलेला पास्ता

सूनबाईला तिसरा महिना लागला आणि तिच्या पोटात काही टिकेना. फोडणीचा वास आला की ती मोरीकडं पळायची. परवा म्हणाली, "आई, लग्नाआधी आम्ही मैत्रिणी कॅनॉट मार्केटमधल्या हॉटेलात चिकनचा पांढरा पास्ता खायचो. तो खावासा वाटतोय."

डोहाळे म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? मुलाला पास्त्याचं पाकीट आणायला लावलं. नळ्या उकडल्या, कोंबडीचे बारीक तुकडे लसूण घालून तेलात परतले. मग तिनं मोबाईलमध्ये बघून सांगितलं, "आता यात दूध घाला."

माझा हात थांबला. कोंबडीत दूध घालू नये, अंगावर कोड उठतं, असं आमच्यात मानतात. त्यात ही पोटुशी. तिच्यासमोर बोलायला मला संकोच वाटतो. ती शिकलेली, मी चौथी पास. पण दुधाचं भांडं हातात धरून किती वेळ उभी राहणार? शेवटी मनातलं सांगून टाकलं.

बाहेरच्या खोलीतून आमचे मालक ओरडले, "म्हैस अन् कोंबडी एकाच पातेल्यात! लई भारी!"

सूनबाई हसली. "अहो आई, मग सांगायचं ना! मी काय मास्तरीण आहे का? टमाटे घाला."

तो लाल पास्ता घेऊन ती बाहेर जेवायला बसली. मी ओट्याजवळ उभी राहून मोरीच्या दाराकडं कान लावला. दार वाजलं नाही. बऱ्याच वेळानं जाऊन पाहिलं, तर ती भिंतीला टेकून झोपली होती आणि ताटात दोनच नळ्या उरल्या होत्या.